मागून येणारा शब्द

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढायला काहीतरी हवं होतं. जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून नमुना उचलला, कुत्र्यांसाठी अडथळ्यांची वाट मांडली आणि त्यातून अ‍ॅजिलिटी हा खेळ उभा राहिला. दोन वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली आणि १९९६ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागली. खेळ दिसायला सोपा आहे. उड्यांचे दांडे, कापडी बोगदे, चढउताराची फळी, झुलती फळी आणि ओळीने रोवलेल्या बारा खुंट्यांमधून नागमोडी पळ हे सगळं कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने, कमीत कमी वेळात पार करायचं. हातात दोरी नाही, खिशात खाऊ नाही, कुत्र्याला स्पर्श करायचा नाही. क्रम दर स्पर्धेत बदलतो आणि तो कुत्र्याला आधी ठाऊक नसतो. म्हणजे माणसाकडे दोनच साधनं उरतात, स्वतःचं शरीर आणि स्वतःचा आवाज. यातलं कुठलं खरं, यावर या खेळात जुना वाद आहे. यवतमाळच्या वाचकाला हा खेळ परका वाटेल, पण वाद परका वाटू नये. या जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतात डवरणीच्या दिवसांत तोच प्रश्न रोज सकाळी जोडीला जुंपला जातो. जनावर माणसाचा शब्द ऐकून वळतं, की त्याच्या हालचालीवरून अंदाज बांधतं? उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर उत्तराचा रोख मला असा दिसतो: शब्द किती कामाचा, हे माणूस जनावराच्या कुठल्या बाजूला उभा आहे यावर ठरतं, आणि शब्द शिकवता येतो तो एकटा, आणि इतर खुणांच्या आधी आला तरच.

आधी शरीराच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून खुराने उत्तरं ठोकत असे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नाही. माणसाची मान किंचित हलली, अंगातला ताण सैलावला, की घोडा खूर आपटणं थांबवत होता. विचारणाऱ्याला या हालचालीचा पत्ताही नसे. तेव्हापासून जनावराला शब्द कळतो असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हान्सच्या सावलीतून जावं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत तर ही सावली अधिकच गडद आहे. इटलीत डॅनिएलो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हातवारे आणि शब्द दोन्हींवर तयार झालेल्या कुत्र्यांना मुद्दाम उलटसुलट हुकूम दिले, तोंडाने एक आणि हाताने दुसरं. बहुतेक वेळा कुत्रे हातामागे गेले. ती शिकवलेली कुत्री होती, असं कुणी म्हणेल. पण कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने ज्यांना कुणी काहीच शिकवलेलं नाही अशी रस्त्यावरची कुत्री तपासली. माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे, जवळ यायला धजावलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री गेली. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या बसस्टँडवर पहुडलेलं कुत्रं माणसाचा हात वाचू शकतं, आणि त्यासाठी त्याला शाळेत घालावं लागत नाही. माणसाच्या हालचालीकडे लक्ष देणं हा कुत्र्याचा जवळजवळ जन्मजात धंदा आहे. शब्द मात्र शिकवावा लागतो.

तो शिकवता येतो, याबद्दल आता शंका नाही. २००४ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी रिको नावाचा बॉर्डर कॉली कुत्रा जगासमोर आणला. त्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावं येत होती. अमेरिकेत जॉन पिली यांच्या चेसर या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत असल्याचं २०११ मध्ये नोंदवलं गेलं. ही प्रकरणं अपवादात्मक आहेत, त्यामागे वर्षानुवर्षांची रोजची मेहनत आहे, आणि पळत्या कुत्र्याशी त्यांचा थेट संबंध नाही, हे मान्य. मात्र दोन्ही ठिकाणी वस्तू दुसऱ्या खोलीत किंवा आडोशाला ठेवून, माणसाच्या नजरेचा सुगावा लागणार नाही याची काळजी घेतली होती. हान्सचा आक्षेप तिथे टिकत नाही. बुडापेस्टमधल्या प्रयोगशाळेने त्याहून पुढे जाऊन साध्या, घरगुती कुत्र्यांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. आटिला आंदिच यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तरच मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र नीट जागं होतं. गोड सुरातला निरर्थक शब्द किंवा सपाट सुरातला अर्थपूर्ण शब्द तेवढा परिणाम करत नाही. त्याच शहरात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालकाने ‘चेंडू’ म्हटलं आणि समोर भलतीच वस्तू आली, तेव्हा कुत्र्यांच्या मेंदूतल्या लहरी वेगळ्या उमटल्या. शब्दाने काहीतरी अपेक्षा तयार होते, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. पण याच शहरातून २०२० मध्ये आलेला एक निष्कर्ष कुत्रा शिकवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. ओळखीचा शब्द आणि एकच स्वर बदलून केलेला त्याचा नकली भाऊ, या दोघांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूने टिपला नाही. पूर्ण वेगळा शब्द मात्र लगेच वेगळा ओळखला. म्हणजे कुत्रा शब्द ऐकतो, पण ढोबळ ऐकतो.

मग खेळात शब्दाची भानगड कशाला? माणसाने पळावं, खांदे वळवावेत, हात दाखवावा, आणि कुत्र्याने जन्मजात कसबाने ते वाचावं. अनेक वर्षं उत्तम स्पर्धक याच मार्गाने जिंकत आले आहेत, आणि शब्दाच्या विरोधातला हा वजनदार आक्षेप आहे. त्याचं उत्तर पाटीवरच्या हिशेबात आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वाट शंभर ते दोनशेवीस मीटरची, त्यात पंधरा ते बावीस अडथळे. चांगला कुत्रा सेकंदाला पाच मीटर सहज काढतो. माणूस, तोही चाळिशीतला, त्याच्या बरोबरीने पळू शकत नाही. तो आतली, जवळची वाट धरतो आणि तरीही दोन अडथळे मागे राहतो. कुत्रा बोगद्यात शिरला की माणूस त्याला दिसतच नाही. बाहेर तोंड काढण्याआधी डावीकडे वळायचं की सरळ उडी घ्यायची, हे त्याला कळायला हवं, नाहीतर बाहेर आल्यावर तो मान वळवून माणसाला शोधेल, आणि त्या शोधण्यात शर्यत जाईल. उडीचंही तसंच. वळण कुत्रा हवेत असताना घेता येत नाही. त्याचा निर्णय जमिनीवरून पाय सुटण्याआधी, मागच्या पायांच्या ठेवणीत होतो. कुत्र्याची नजर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे अडीचशे अंशांपर्यंत पोचते, पण सरळ मागच्या माणसाला ती पाहू शकत नाही. तिथे हात किती सुंदर दाखवला, याला काही अर्थ उरत नाही. शब्दाला मात्र मागून यायला अडचण नसते. स्पर्धेच्या वाटा जसजशा लांब आणि मोकळ्या होत गेल्या, तसतसं जगभरच्या स्पर्धकांचं लक्ष वळणाच्या शब्दांकडे वळलं, ते फॅशन म्हणून नव्हे.

यवतमाळच्या शेतकऱ्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण बैलजोडीमागे चालणारा माणूस जवळजवळ नेहमीच जनावराच्या मागे असतो. बैलाला आजूबाजूचं खूप मोठं वर्तुळ दिसतं, जवळपास सव्वातीनशे अंश म्हणतात तेवढं. पण त्याच्या नेमक्या पाठीमागची पट्टी त्याच्यासाठी अंधारात असते, आणि डवऱ्याचं रुमणं धरून चालणारा माणूस त्या पट्टीच्या आसपासच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपाशी गुडघ्याच्या खाली असते तेव्हाची डवरणी पाहावी. एका हाताने रुमण्यावर दाब द्यायचा, म्हणजे पास तणाच्या मुळाशी जाईल पण कपाशीचं रोप खरवडणार नाही. दुसऱ्या हातात कासरा. अनेकदा एकाच जोडीमागे दोन डवरे असतात. बैलांच्या तोंडाला मुसकं बांधलेलं, म्हणजे चालता चालता पिकात तोंड घालणार नाहीत. प्रत्येक तासाच्या शेवटी धुऱ्यापाशी जोडी थांबवायची, डवरा उचलायचा, वळवून नेमक्या पुढच्या तासात आणायची. एका बैलाचा पाय चुकीच्या ओळीत पडला तर चार झाडं गेली. हातवारा करायला हात मोकळा नाही, आणि केला तरी बैल तो पाहणार नाही. कासऱ्याची ओढ आहे, पण मुरलेल्या सालदाराच्या जोडीचा कासरा सैलच लोंबत असतो. जोडी वळते ती जिभेच्या चटकाऱ्यावर, नावाच्या हाकेवर आणि लांबवलेल्या ‘होऽऽ’वर. ज्या स्थितीत अ‍ॅजिलिटीचा स्पर्धक वाटेच्या काही मीटरांत सापडतो, त्या स्थितीत आपला सालदार दिवसभर असतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांमागे शेकडो मीटर लांब गेलेला कुत्रा शिटीवर चालवणारे धनगर त्याच स्थितीतले. आपल्याकडच्या धनगराचं कुत्रं मुख्यतः राखणदार असतं, वळवणारं नसतं, त्यामुळे ही शिटीची परंपरा आपल्याकडे कुत्र्यात रुजली नाही. बैलात मात्र ती आवाजाच्या रूपाने पूर्ण वाढली.

बैल हे शिकतो कसा, हे बारकाईने पाहिलं तर शिकवण्याच्या शास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मिळतो. नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला एकटा जुंपत नाहीत. जुन्या, मुरलेल्या बैलाच्या जोडीला त्याला जुवाखाली घालतात. माणूस हाक देतो. जुना बैल ती ओळखतो आणि वळतो. जू फिरतं आणि गोऱ्ह्याच्या मानेवर दाब येतो. क्रम असा की आधी आवाज, मग क्षणभराने मानेवर त्या आवाजाचा अर्थ. शेकडो वेळा असं झालं की गोऱ्हा दाबाची वाट न पाहता आवाजावरच वळायला लागतो. पावलोव्हच्या प्रयोगशाळेतही हाच क्रम सापडला होता, आणि त्याच प्रयोगशाळेत त्याची उलटी बाजूही कळली होती. दोन खुणा एकदम दिल्या तर ठळक खूण फिक्या खुणेला झाकोळून टाकते. फिकी खूण हजार वेळा दिली तरी जनावर ती शिकत नाही. घरोघरी कुत्र्याला बसायला शिकवताना नेमकं हेच होतं. ‘बस’ म्हणताना बोट वर जातं, माणूस थोडा पुढे झुकतो, आणि सहा महिन्यांनी मालक अभिमानाने सांगतो की कुत्र्याला ‘बस’ कळतं. हात पाठीमागे बांधून, भिंतीकडे तोंड करून तोच शब्द म्हणून पाहावा. बहुतेक कुत्री उभीच राहतील, आणि हे कुत्र्याच्या बुद्धीचं नव्हे, क्रमाचं अपयश आहे. दुरुस्ती फार सोपी आहे. शब्द आधी, शरीर पूर्ण स्थिर ठेवून, मग अर्धा-पाऊण सेकंद गप्प, मग ओळखीचा हातवारा, मग बक्षीस. काही दिवसांत कुत्रा हाताची वाट न पाहता शब्दावरच हलतो. त्या दिवसापासून हात कमी करत न्यायचा. जुन्या बैलाच्या जागी हातवारा आणि जुवाच्या जागी सवय, एवढाच फरक.

आता शब्द कुठला आणि कसा. पॅट्रिशिया मॅककॉनेल या अमेरिकी संशोधिकेने वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या कुत्रे-घोडे शिकवणाऱ्यांचे आवाज नोंदवले. जनावराला हलवायला, वेग वाढवायला लोक भाषा कुठलीही असो तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आवाज वापरतात. थांबवायला, शांत करायला एकच लांबवलेला आवाज. १९९० मध्ये तिने पिलांवर प्रयोग करून दाखवलं, की पळत येणं शिकवायला तुटक आवाज आणि एका जागी थांबवायला लांब आवाज खरोखरच जास्त लवकर लागू पडतात. विदर्भातला ‘हैक, हैक’ आणि ‘होऽऽ’ हे दोन आवाज कानावर पडले असते तर तिच्या यादीत ते नीट बसले असते. यातून अ‍ॅजिलिटीसाठी निघणारा नियम व्यावहारिक आहे. बोगद्यात धाव, उडी, पुढे जा हे शब्द आखूड आणि तुटक हवेत. फळीच्या शेवटी रंगवलेल्या भागावर थांब हा शब्द लांबवता यावा असा हवा. दुसरा नियम बुडापेस्टच्या निष्कर्षातून येतो. एका कुत्र्याच्या शब्दसंग्रहात कानाला जवळचे वाटणारे दोन शब्द नकोत. मराठीत ‘ये’ आणि ‘ने’ एकत्र ठेवणं धोक्याचं. ‘उडी’ आणि ‘उठ’ एकाच स्वराने सुरू होतात, आणि पळता कुत्रा शब्दाच्या शेवटापर्यंत थांबत नाही. पहिल्या अक्षरावरच निर्णय घेतो. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यांचा तर मागचा सगळा भाग एकच, आणि दोन्ही इतके लांब, की शब्द पुरा होईपर्यंत सेकंदाला पाच मीटरच्या हिशेबाने कुत्रा पुढच्या अडथळ्याजवळ पोचलेला असेल. त्यापेक्षा ‘डाव’ आणि ‘फीर’ असे एका झटक्यात तोंडातून निघणारे, वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द बरे. अर्थ कोशात काय आहे याच्याशी कुत्र्याला देणंघेणं नाही.

इथे आपल्याकडचा एक खास आक्षेप समोर येतो. मराठी घरांत आईवडिलांशी, शेजाऱ्यांशी मराठी बोलणारी माणसं कुत्र्याशी इंग्रजीच बोलतात. ‘सिट, कम, नो.’ गावठी कुत्र्याला ‘यूऽ यूऽ’ आणि पाळलेल्या लॅब्रॅडोरला इंग्रजी, ही वाटणी आपण इतकी सहज स्वीकारली आहे, की कुत्र्याला इंग्रजीच जास्त कळतं, असं गंभीरपणे सांगणारे सापडतात. याला आधार नाही. पण टाकून देण्यासारखंही ते नाही, कारण त्याला एक व्यावहारिक बाजू आहे: घरातल्या गप्पांत ‘सिट’ क्वचित येतं, ‘बस’ मात्र दिवसातून पन्नास वेळा पाहुण्यांना, मुलांना, स्वतःला उद्देशून येतं. जो शब्द पन्नास वेळा काहीच न घडता कानावरून जातो, त्याच्यासाठी जनावर कान बंद करून टाकतं. तेव्हा परक्या भाषेतून शब्द उसना घेण्यात गैर काही नाही. पण त्याचा फायदा परकेपणामुळे होतो, इंग्रजीपणामुळे नाही. गोंडी किंवा कोलामीतला एखादा शब्द त्याच कामाला तितकाच, किंबहुना अधिक, उपयोगी पडेल. मराठीतही बोलण्यात न येणारा बैलाचा ‘हैक’ मोकळाच पडला आहे.

शब्दाची मर्यादा तपासायची तर यवतमाळनेच २०१८ मध्ये एक कठीण प्रसंग पाहिला. राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-वन वाघीण, जिला नंतर देशभर अवनी म्हणून ओळखलं गेलं, तिच्या शोधात मोठी मोहीम उभी राहिली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. या मोहिमेत माग काढायला गोल्फपटू ज्योती रंधावा यांच्या इटालियन केन कोर्सो जातीच्या कुत्र्यांना आणलं गेलं, हत्तीही आले. त्या हत्तींपैकी गजराज नावाचा हत्ती ऑक्टोबरमध्ये साखळी तोडून सुटला आणि चाहांद गावात एका महिलेचा जीव गेला. वाघीण अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली. मोहिमेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा इथला विषय नाही. पण कुत्रा आणि हत्ती ही दोन्ही माणसाच्या आवाजावर चालणारी जनावरं इथे नव्या, अनोळखी जंगलात आणली गेली होती, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. माग काढणाऱ्या कुत्र्याला शब्द लागतो तो फक्त सुरुवातीला. पुढचं सगळं काम नाकाचं, आणि तिथे कुत्रा माणसाला सांगतो, माणूस कुत्र्याला नाही. १९९३ मध्ये मुंबईत तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधणारा झंजीर हा लॅब्रॅडोर पुण्याच्या शिवाजीनगरला तयार झाला होता. त्याच्या कामातही शब्द हा दार उघडण्यापुरता. उलट, अशा कामात माणसाचा आवाज आणि देह अडथळाच ठरू शकतो. कॅलिफोर्नियातल्या २०११ च्या एका अभ्यासात अठरा प्रशिक्षित जोड्यांना कुठेही वास ठेवलेला नसताना ‘इथे आहे’ असं खोटंच सांगितलं गेलं. माणसांना ज्या ठिकाणी वास असावा असं वाटत होतं, नेमक्या तिथेच कुत्र्यांच्या खोट्या सूचनांची गर्दी झाली. हान्स अजून मेलेला नाही. अ‍ॅजिलिटीत मात्र माणसाला दिशा द्यावीच लागते, पण शब्द जिथे शिकवला तिथेच तो पक्का असतो, नव्या जागी तो अर्धा विसरला जातो. फुकुझावा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदवलं, की ओळखीच्या आवाजातला हुकूम टेपवरून ऐकवला किंवा बोलणारा पडद्याआड गेला, की कुत्र्यांचं आज्ञापालन घसरतं. याचा अर्थ शब्द निरर्थक आहे असा काढला जातो. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की शब्द फक्त स्वयंपाकघरात शिकवला होता. अंगणात, रस्त्यावर, मैदानावर, माणूस मागे असताना, बाजूला असताना, जमिनीवर बसलेला असताना तोच शब्द पुन्हा पुन्हा शिकवला, तर तो जागेपासून सुटतो.

बैलांशी तुलना करताना एक गंभीर आक्षेप टाळता येत नाही: बैल शब्दावर वळतो कारण त्यामागे तुतारीची आर असते, कुत्र्याला भीतीने शिकवायचं का? शंकरपटाच्या वादात हाच मुद्दा केंद्रस्थानी होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती कायम ठेवली. त्या अटींमध्ये काठी, चाबूक आणि विजेच्या झटक्याची साधनं वापरायला बंदी आहे. अटी कागदावर राहतात की दाणीवर उतरतात, हा भाग वेगळा. पण जिथे त्या पाळल्या जातात, तिथे धुरकऱ्याकडे मुख्यतः आवाजच उरतो. आवाजामागचं भय काढून टाकलं तर आवाज लंगडा पडतो, असं मानणाऱ्यांना संशोधन साथ देत नाही. ब्रिटनमधल्या २००४ च्या एका पाहणीत बक्षिसावर वाढवलेली कुत्री मालकांच्या मते अधिक आज्ञाधारक होती, आणि शिक्षेवर वाढवलेल्यांत वागणुकीच्या तक्रारी जास्त होत्या. पोर्तुगालमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धाकाने शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं. जनावराच्या कानाचा विचार केला तरी मुद्दा तोच निघतो. कॅनडात १९९९ मध्ये गुरांवर केलेल्या प्रयोगात लोखंडाच्या आदळआपटीपेक्षा माणसाच्या ओरडण्याने गुरांच्या हृदयाचे ठोके अधिक वाढले. ओरडल्याने बैल पळतो हे खरं, पण तो पळतो कुठे हे माणसाच्या हातात राहत नाही. अ‍ॅजिलिटीच्या मैदानावर ओरडणारे स्पर्धक पाहिले की हे पटतं: कुत्रा वेगाने जातो आणि चुकीच्या बोगद्यात शिरतो.

शरीराच्या बाजूचा एक शेवटचा, सूक्ष्म आक्षेप राहतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. शब्द आणि शरीर दोन्ही चालू ठेवले तर त्यांच्यात विसंवाद होणारच. आणि विसंवादात कुत्रा शरीरामागे जातो हे आपणच मान्य केलं आहे. मग शब्दावर एवढी मेहनत करून शेवटी खांद्याच्या एका वळणाने ती वाया जाणार. यावर तोड एकच: शब्द पक्का करायचा तो शरीराच्या विरोधात. सरावात मुद्दाम माणसाने उजवीकडे पळावं आणि ‘डाव’ म्हणावं. कुत्रा शब्दावर डावीकडे गेला तर भरघोस बक्षीस, शरीरामागे गेला तर काहीच नाही, न रागावणं, न ‘नाही’ म्हणणं, फक्त पुन्हा सुरुवात. हे सोपं नाही आणि पहिल्या वर्षात करूही नये, कारण आधी दोन्ही खुणा एकत्र आल्या तर त्यांवर कुत्र्याचा विश्वास बसायला हवा. पण ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला कुत्र्यासोबत पळता येत नाही, व्हीलचेअरवरून जो खेळतो, त्याच्यासाठी खेळात राहण्याचा हाच एक रस्ता आहे. जगभरात अ‍ॅजिलिटी खेळणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले स्पर्धक भरपूर आहेत, आणि शब्दाचं शास्त्र पुढे नेण्यात त्यांचा वाटा तरुण, वेगवान स्पर्धकांपेक्षा कमी नाही.

कुत्र्याला शब्द येतो की नाही, हे ठरवायला मैदानाची गरज नाही. दोन शब्द निवडावेत, समजा ‘बस’ आणि ‘झोप’. कुत्र्याकडे पाठ करून, हात खिशात घालून, एका कागदावर आधीच नाणेफेकीने ठरवलेल्या क्रमाने वीस वेळा हे शब्द म्हणावेत, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने मागे काय झालं ते नोंदवावं. नोंदणाऱ्याला क्रम माहीत असू नये. वीसपैकी दहा-अकरा बरोबर आले तर कुत्रा नुसता अंदाज करतो आहे. सतरा-अठरा आले तर त्याला शब्द येतो. मग तोच प्रयोग अंगणात, मग घरातल्या दुसऱ्या माणसाच्या आवाजात. बहुतेक घरांत दुसऱ्या आवाजाला निकाल घसरेल, कारण मुलं ‘बस’ ओढून म्हणतात आणि आजी तोडून म्हणते. त्या घरात पुढचं काम कुत्र्याकडून नव्हे, माणसांकडून करून घ्यायचं असतं: एकच शब्द, एकाच लांबीचा, सगळ्यांनी सारखाच म्हणायचा.